पाण्याला बोलवायचं राहिलं

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी विहिरीवर होते. सकाळची पाण्याची वेळ होती. आमच्या गल्लीत नळ आहेत, पण प्यायचं पाणी आता बहुतेक घरं विहिरीचंच नेतात, त्यामुळे त्या वेळेला तिथं बायकांची चांगलीच गर्दी आणि गलका असतो. सुनंदाची भाची अस्मिता फोनवर होती. "काकू, मावशी गेली," एवढंच ती म्हणाली. मी विचारलं, "कुठं गेली?"... मग ती रडायला लागली आणि मला कळलं. पहाटे झोपेतच गेली होती. काही दुखणं नाही, दवाखाना नाही, कुणाला त्रास नाही. मी कट्ट्यावर बसले. मालनवहिनींनी दोर सोडून विचारलं, "कोण गेलं वो, बाई?" मालनवहिनी म्हणजे आमच्या गल्लीतल्या सगळ्या जणींच्या पुढारी, आणि मी निवृत्त शिक्षिका म्हणून सगळ्यांची 'बाई'. मी सुनंदाचं नाव सांगितलं. "इंजिनेर मॅडम? आरं देवा! लई गुणाची बाई हुती. हे पाणी तिच्यामुळंच पितोय की आपण," वहिनी म्हणाल्या आणि सगळ्या जणींनी माना हलवल्या.

मला मात्र मान हलवता येईना. त्या विहिरीतल्या पाण्याचा एक घोटसुद्धा सुनंदाच्या पोटात कधी गेला नव्हता, आणि त्याला कारण मी होते. हे गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं, आणि आता ते एकट्या माझ्यापाशी राहिलं. त्या फोनला आता काही आठवडे झाले. जो भेटतो तो म्हणतो, बाई, तुमची मैत्रीण मोठी होती, तिच्यावर लिहा. पेपरच्या पुरवणीत लिहायचं म्हणजे गेलेल्या माणसाचे गुण लिहायचे असतात. तिचे गुण मी लिहीनच, ते लिहायला मला जड नाही. जड आहे ते दुसरंच.

सुनंदा कांबळे आणि मी आठवीपासून एका बाकावर. ती हातकणंगल्याहून रेल्वेनं शाळेला यायची. तिचे वडील रेल्वेत कामाला होते, स्टेशनाजवळच्या क्वार्टरमध्ये त्यांचं घर होतं. गाडीला उशीर झाला की पहिला तास बुडायचा आणि आमच्या वर्गशिक्षिका तिला दाराबाहेर उभं करायच्या. एकदा तिनं सरळ सांगितलं, "बाई, गाडी लेट झाली त्याला मी काय करू? स्टेशन मास्तरला उभं करा की भाईर." सगळा वर्ग हसला, बाईसुद्धा हसल्या, आणि तिला आणखी एक तास बाहेर उभं राहावं लागलं. ती अशीच होती. बोलायला फटकळ, आणि बोलून झालं की विसरून जाणारी. निदान आम्ही सगळ्या असं समजत होतो. स्टेशनावरून शाळेपर्यंत ती रोज वेगळ्या गल्लीतून चालत यायची. तिला गल्ल्यांचा नादच होता. कुठल्या बोळात दुपारी सावली असते, कुठल्या घराच्या पायऱ्यांवर म्हाताऱ्या बसतात, हे ती डबा खाताना सांगायची आणि मला वाटायचं, काय या पोरीचं वेड!

शनिवारी शाळा सुटली की ती आमच्या घरी यायची. आई तिला जेवल्याशिवाय सोडत नसे. आमच्या घरात तसलं काही नाही, असं मी अभिमानानं सांगायची. सुनंदा आमच्या सोप्यात बसून जेवायची. मीही तिच्यासोबत सोप्यातच बसायची, त्यामुळे आपण दोघी आत का जेवत नाही हा प्रश्न मला कधी पडला नाही. तिला पडला असेल. मी तिच्या घरी गेले की मात्र थेट स्वयंपाकघरात. तिची आई चुलीपुढं भाकऱ्या थापायची आणि मी माठातलं पाणी स्वतःच्या हातानं घेऊन प्यायची. अकरावीत असताना मी समतेवर भाषण केलं, आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेत. त्यात मी आवाज चढवून म्हणाले होते की मी माझ्या बौद्ध मैत्रिणीच्या घरचं पाणी पिते. टाळ्यांचा कडकडाट झाला. मला कप मिळाला. सुनंदा तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बरं झालं, शैले. घरी गेलो की आईला सांगतो, तुझ्या पाण्याला बक्षीस मिळालं म्हणून." कोल्हापुरी बाया बोलतात तसं 'गेलो, आलो, सांगतो' करायची तिला सवय होती. मी पोट धरून हसले. पुढं किती तरी वर्षं मी हा किस्सा लोकांना विनोद म्हणून सांगत होते.

ती इंजिनिअर झाली, नगररचना खात्यात लागली, आणि नोकरीची सगळी वर्षं बाहेरच्या शहरांत काढली. लग्न केलं नाही. बहिणीची मुलगी अस्मिता तिच्याकडंच वाढली. निवृत्त झाल्यावर ती कसबा बावड्यात आली, उसाची शेतं संपून नव्या बिल्डिंगा सुरू होतात तिथं, तिसऱ्या मजल्यावर. मी म्हटलं, "आता निवांत राहा." तर म्हणाली, "आयुष्यभर दुसऱ्यांची गावं मोडायच्या नकाशावर सह्या केल्या. आता एखादी गल्ली नीट करून बघायचीय." ते मी हसण्यावारी नेलं. पण त्याच सुमाराला आमच्या गल्लीत बिल्डर आला. गल्लीच्या तोंडाशी चार जुनी घरं आहेत, त्यांतलं एक आमचं, आणि त्यांच्यापुढं विहीर. विहीर म्हणायची फक्त. वर सिमेंटचा स्लॅब, स्लॅबवर मोटारसायकली, कोपऱ्यात कचऱ्याचा ढीग. बिल्डरचं म्हणणं होतं की चारी घरं पाडायची, विहीर बुजवून पार्किंग करायचं आणि वर बिल्डिंग उठवायची. प्रत्येकाला फ्लॅट, लिफ्ट, चोवीस तास पाणी. पोरं खूश होती. खरं सांगायचं तर मलाही लिफ्टचा मोह होता, गुडघे कुरकुरायला लागले होते. पण म्हटलं, एकदा सुनंदाला दाखवावं.

ती स्कूटरवरून आली आणि सबंध सकाळ गल्लीतून फिरली. लोकांच्या परसात गेली, गच्चीवर गेली, गटारात वाकून बघितलं. मग चार पोरांकडून स्लॅबवरचं झाकण उचलून तिनं आत खडा टाकला. आवाज आला. "हाय पाणी," ती म्हणाली आणि तिचा चेहरा असा खुलला की बस्. संध्याकाळी तालमीत बैठक झाली. तालमीचे तात्या म्हणजे गल्लीचा शेवटचा शब्द. ते म्हणाले, "मॅडम, पाडल्याबिगर सुधारणा हुत न्हाय." सुनंदा म्हणाली, "तात्या, तुमचा पैलवान आजारी पडला तर तुम्ही काय करतासा? त्याला हाकलून नवा आणतासा, का खुराक देऊन त्यालाच उभा करतासा?" तात्या पाच मिनिटं नुसते मिशीवरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, "बोला, काय काय करायचं?" त्या दिवसापासून ती आमच्या गल्लीची झाली, असं मी लिहिणार होते. पण तसं लिहिता येत नाही.

दोन उन्हाळे तिनं आमच्यासाठी घातले. एकही घर पाडलं नाही. फुगलेल्या भिंतींचं सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा दिला, कुजलेल्या तुळया तेवढ्या बदलल्या, वरच्या रिकाम्या खोल्या नीट करून शिकायला आलेल्या मुलींना भाड्यानं दिल्या. ज्या घरांत दोन म्हातारी माणसं भिंतीकडं बघत बसायची तिथं जिन्यावर पावलं वाजायला लागली. मोटारसायकली तालमीच्या मागच्या पडीक जागेत गेल्या, आणि गल्लीत पोरं पुन्हा फुटबॉल खेळायला लागली. छपरांवरचं पावसाचं पाणी पन्हळीतून गाळणीवर आणि तिथून विहिरीत, असं तिनं जोडून घेतलं. सगळ्यात मोठं भांडण झालं ते रस्त्यावरच्या ब्लॉकवरून. आदल्याच वर्षी नवे कोरे ब्लॉक बसवले होते, आणि ही म्हणते दोन्ही बाजूंचे पट्टे उपटा. तात्या खवळले. तीही खवळली. "सगळं गाव ब्लॉकनं लिंपून टाकलासा, पाण्याला जमिनीत जायला वाट न्हाय, आणि पूर आला की देवाच्या नावानं बोंबलतासा!" गल्लीच्या मधोमध उभं राहून दोघं असे भांडले की शेजारच्या पेठेतली माणसं बघायला आली. दुसऱ्या दिवशी तात्यांनी स्वतः पहार घेऊन पहिला ब्लॉक उपटला. आता त्या पट्ट्यांत जास्वंद आणि कढीलिंब आहे, आणि दुपारी तिथं सावली असते.

विहीर उपसली ती दुसऱ्या उन्हाळ्यात. गाळातून काय काय निघालं! चेंडू, बांगड्या, पितळी तांब्या, आणि एक अख्खी सायकल. ती तात्यांचीच निघाली. तरुणपणी ती चोरीला गेली म्हणून त्यांनी ज्याच्याशी जन्माचा अबोला धरला होता, त्याच्या घरी त्या संध्याकाळी ते मटण घेऊन गेले. साठी उलटलेली सुनंदा शिडीवरून विहिरीत उतरायची. मी वरून ओरडायची, "अगं, पडशील!" आणि खालून आवाज यायचा, "पडलो तर वर काढायला तालीम हाय की!" एके दिवशी दुपारी तळातून हाक आली, "लागला, लागला!" झरा मोकळा झाला होता. ती वर आली तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत चिखल, आणि त्यात नुसते दात दिसत होते. मी तिला मिठी मारली. माझं लुगडं खराब झालं आणि मला त्याचं काही वाटलं नाही... हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण ते खरं आहे. माझं तिच्यावर प्रेम होतं. ते होतं म्हणूनच पुढचं माझं मला समजत नाही.

आमच्याकडं रीत अशी की विहीर उपसली की पूजा झाल्याशिवाय तिचं पाणी कुणी तोंडाला लावत नाही. पाच जणी पूजा करतात, विहिरीची ओटी भरतात, आणि मग एकेका घरची बाई आपापली कळशी भरून नेते. त्या दिवशी जिनं कळशी भरली ती विहिरीची, असं मानतात. पाणी तपासून आलं, चांगलं निघालं, आणि पूजेचं ठरवायला आम्ही बायका तालमीत बसलो. सकाळी पूजा आणि पाणी, चार वाजता मांडव घालून जाहीर कार्यक्रम, सुनंदाचा सत्कार, असं सगळं बेतत होतो. मधेच मालनवहिनींनी विचारलं, "त्या मॅडम येणार हायत व्हय सकाळी?" प्रश्न साधा होता. पण त्या प्रश्नानंतर क्षणभर सगळ्या गप्प होतील, एकमेकींकडं बघतील, असं मला वाटलं, आणि त्या गप्प होण्याची मला भीती वाटली. ती व्हायच्या आधीच मी बोलून मोकळी झाले. "त्या बौद्ध आहेत, त्यांना पूजाबिजा चालत नाही. त्या चारला येतील." वहिनी "असं व्हय" म्हणाल्या आणि बोलणं नारळांवर गेलं. कुणी काहीही म्हणालं नव्हतं. कुणी नाक मुरडलं नव्हतं. जे कुणी बोललंच नाही त्याला मी उत्तर देऊन टाकलं, तेसुद्धा तिच्या धर्माचा मान राखल्यासारखं दाखवून. घरी येताना मला हलकं वाटत होतं. एक अवघड गोष्ट आपण किती सहज सोडवली, असं वाटत होतं.

सुनंदाला मी फक्त चारचं सांगितलं होतं. पण झरा तिनंच मोकळा केलेला, पाणी कधी काढणार हे तिला तात्यांच्या पोरांपैकी कुणी तरी सांगितलंच असणार. सकाळी पूजा होऊन कळश्या भरायला लागल्या तेवढ्यात तिची स्कूटर आली. अंगावर कोरी इरकल. पायापाशी टॉवेलात गुंडाळलेली तांब्याची कळशी. ती कळशी मी ओळखली. तिच्या आईची, हातकणंगल्याच्या घरातली. मी घाईघाईनं पुढं झाले, आणि माझ्या तोंडून आलं, "अगं, कार्यक्रम चारला आहे ना?" तिनं माझ्याकडं बघितलं. माझ्या मागं रांगेत उभ्या असलेल्या बायकांकडं बघितलं. "चारला व्हय?" ती म्हणाली. "मग मी लवकर आलो म्हणायचं." टॉवेलाला तिनं हात लावला नाही. मीही कळशी न दिसल्यासारखं केलं. रहाटाची कप्पी वाजत होती, तिकडं बघून ती एवढंच म्हणाली, "तेल घाला तिला, कुरकुरतीय." आणि स्कूटर वळवून गेली.

चार वाजता ती आली, ठरल्याप्रमाणं. साडी बदललेली होती. सूत्रसंचालन माझंच होतं. 'ज्यांच्यामुळं आज आपल्या घराघरात हे अमृत पोचलं' वगैरे मी बरंच बोलले. शाल, श्रीफळ झालं. आमचं गाव पुरोगामी, आमच्यात भेदभाव नाही, असं पाहुणे म्हणाले आणि मी टाळ्या वाजवल्या. ती बोलायला उभी राहिली ती फक्त गटाराबद्दल बोलली. पावसाच्या आधी जाळ्या साफ करा, नाही तर सगळं फुकट जाईल, आणि बसली. रात्री मी तिला फोन केला. म्हटलं, "सुनंदा, तुला पूजा चालत नाही, तुला उगीच अवघडल्यासारखं व्हायला नको म्हणून मी..." तिनं मला पुरतं बोलू दिलं. मग शांतपणे म्हणाली, "पूजेला नको बोलवू, शैले. पाण्याला बोलव की." मी म्हणाले, "बोलावणारच होते गं." ती म्हणाली, "बरं." आणि मग गटारावरच्या झाकणांचं काही तरी काढलं.

मला वाटलं, ती विसरेल. ती बोलून विसरणारी आहे, हा माझा लहानपणापासूनचा समज मला त्या वेळी फार सोयीचा होता. ती गल्लीत पूर्वीसारखीच येत राहिली. भांडली, हसली, कढीलिंबाच्या फांद्या तोडल्या म्हणून पोरांना शिव्या घातल्या. फक्त तिच्या पिशवीत आता स्टीलची बाटली असायची. कुणी चहा विचारला की "आत्ताच घेऊन आलो" म्हणायची. कोल्हापुरात चहाला नाही म्हणणं म्हणजे काय, हे सांगायला नको. पण ती ते अशा गमतीनं म्हणायची की कुणाला खटकलं नाही. मला खटकलं. चहा विहिरीच्या पाण्याचा असतो, हे माझ्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. ध्यानात आलं आणि मी गप्प बसले.

त्या पावसाळ्यात नदीला पूर आला. गावात पाणीच पाणी, पंपिंग स्टेशन बुडालेलं आणि नळ कोरडे, हे आम्हाला नवं नाही. पण या वेळी आमच्या चढावरच्या गल्लीत विहीर होती. खालच्या गल्ल्यांतून माणसं बादल्या, कॅन, पातेली घेऊन आली. तात्यांच्या पोरांनी दिवसरात्र दोर ओढला. कोण कुठला, कुणी विचारलं नाही. पेपरात फोटो आला. ज्या विहिरीवर आम्ही पार्किंग करणार होतो तिनं अर्धी पेठ जगवली, आणि हे सगळं ज्या बाईनं केलं ती बावड्यात टँकरच्या रांगेत उभी होती. मी फोन केला. म्हटलं, "गाडीतून कॅन भरून पाठवू का?" ती म्हणाली, "नको, टँकर यायलाय. तुम्ही खालच्यांना द्या आधी." मी तिला पाणी पाठवायला तयार होते. ये आणि स्वतः ओढून ने, असं म्हणायला तयार नव्हते. दोन्हींतला फरक तेव्हा मला कळला नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. पूर होता, परकी माणसं पाणी नेत होती, त्या गर्दीत ती आली असती तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण तिला तसं यायचं नव्हतं, हे मला माहीत होतं. तिला बोलावणं हवं होतं, आणि ते माझ्याकडून.

जायच्या थोडे दिवस आधी ती शेवटची भेटली. शेजारच्या गल्लीनं आमचं बघून तिला बोलावलं होतं, तिथली घरं बघून ती माझ्याकडं आली. सोप्यातल्या खुर्चीत बसली आणि डोळे मिटले. दमलेली दिसत होती. मी विचारलं, "पाणी देऊ?" तिनं डोळे न उघडता पिशवीवर थाप मारली, "हाय माझ्याकडं." त्या क्षणी मला बोलायचं होतं. तिचा हात धरून विहिरीवर न्यायचं होतं. दहा पावलांवर विहीर. पण बाहेर बायका गप्पा मारत उभ्या होत्या. मी मनाशी म्हटलं, पूजेला वर्ष होईल तेव्हा हिला रीतसर बोलवू, सगळ्यांसमोर, मोठा समारंभ करून. असं ठरवलं आणि मला बरं वाटलं. मी तिला शेजारच्या गल्लीचं विचारलं. ती उठून बसली आणि हातवारे करून सांगायला लागली की तिथल्या बोळाला आमच्यापेक्षा चांगला उतार आहे.

ती गेल्यावर बावड्यात तिच्या घरी जलदान विधी होता. मालनवहिनी माझ्याबरोबर आल्या. पांढऱ्या कपड्यातली माणसं, फोटोला फुलं, भन्तेंचा संथ आवाज. घरची माणसं एका भांड्याला हात लावून वाटीत पाण्याची धार धरत होती. मी मागं भिंतीला टेकून उभी होते. अस्मितानं मान वळवून मला शोधलं आणि म्हणाली, "काकू, या की. हात लावा." मी जागची हलेना, तसं तिनं सरकून जागा केली. कुणाला विचारलं नाही, कुणाकडं बघितलं नाही. मी जाऊन बसले. तिच्या हाताखाली माझा हात होता आणि पाणी वाटीतून ओसंडून ताटात जात होतं. मला रडू आवरेना. लोकांना वाटलं, मैत्रिणीसाठी रडते आहे.

येताना रिक्षात मालनवहिनी म्हणाल्या, "बाई, त्या दिशी मी इचारलं न्हवतं का, मॅडम सकाळी येणार हायत का म्हणून? माझ्या मनात हुतं, पयली कळशी त्यांच्याच हातनं वडायची. म्हणून इचारलं. पर तुम्ही म्हणालासा, त्यांस्नी चालत न्हाय. मग मी गप बसलो." आता असं म्हणणं सोपं आहे, हे मला समजतं. वहिनी त्या दिवशी खरंच तसं म्हणाल्या असत्या का, आणि म्हणाल्या असत्या तर बाकीच्या काय म्हणाल्या असत्या, ते आता कधीच कळायचं नाही. मी त्यांना म्हणूच दिलं नाही. एवढी भांडणं करून, एवढा गाळ काढून गल्ली नव्यानं उभी राहिली. ती आतूनही बदलली होती का, हे बघायची एकच वेळ आली होती, आणि ती मी दवडली. मी, जिला समतेवर बोलून कप मिळाला होता.

परवा अस्मिताचा फोन आला. "काकू, मावशीनं दुसऱ्यांच्या गावातल्या सगळ्या विहिरी दाखवल्या, तुमची तेवढी कधी दाखवली न्हाय. कधी येऊ बघायला?" मी म्हणाले, "ये की, घरचीच आहेस. दुपारी ये, निवांत. तेव्हा तिथं कुणी नसतं." ... हे माझ्याच तोंडून आलं. भाचीच्या हाताखाली हात धरून पाणी सोडून आल्यावर, इतकं रडून झाल्यावर. पलीकडून अस्मिता अगदी मावशीच्या आवाजात म्हणाली, "माणसं असतानाच येते की, काकू. चालू विहीर बघायचीय मला." मी म्हणाले, "मग रविवारी सकाळी ये."

आज शनिवार आहे. हे छापून येईल तोवर तो रविवार होऊन गेलेला असेल. सोप्यात बसून लिहिते आहे, दार उघडं आहे. मघाशी मालनवहिनी दारावरून जाताना थांबल्या. "काय लिवतासा एवढं, बाई?" मी म्हणाले, "सुनंदावर लिहितेय." "लिवा, लिवा. लई मोठी बाई," म्हणाल्या आणि आणखी थोडा वेळ उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. उद्या अस्मिता पाण्याच्या वेळेला येणार आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.